सहा फूट, दोनचा स्टॉप

सिनेमॅटोग्राफी शिकायला आलेल्याच्या हातात आधी कॅमेरा येत नाही, टेप येते. गवंडी वापरतो तसली लांब मोजपट्टी. कॅमेऱ्याच्या अंगावर एक बारीक खूण असते, वर्तुळ आणि त्याला मधोमध छेदणारी रेघ. आतली फिल्म, किंवा आताच्या काळात सेन्सर, बरोबर त्या रेघेच्या पातळीत बसलेला असतो. टेपचं टोक तिथल्या आकड्याला अडकवायचं आणि पट्टी ओढत नटाच्या डोळ्यापर्यंत न्यायची. नाकापर्यंत नाही, कपाळापर्यंतही नाही. आणि हे करताना पट्टीची कड त्याच्या डोळ्यात जाणार नाही एवढं बघायचं. नट मोठा असेल तर तो तुमच्याकडे बघतही नाही, आणि ते बरंच असतं.

मी चित्रपटाच्या शाळेत दाखल झाले तेव्हा माझ्या डोक्यात धुकं, डोंगर, क्रेन आणि सूर्यास्त असं बरंच काही होतं. पहिले कित्येक आठवडे मी फूट आणि इंच मोजत होते.

हे मोजायचं ते फोकससाठी, आणि यामागचं गणित निर्दय आहे. ८५ मिमीची लेन्स, स्टॉप २ (स्टॉप म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं त्याचा आकडा; आकडा लहान तितकं तोंड मोठं), माणूस सहा फुटांवर: एवढ्यात जे नीट स्पष्ट दिसतं त्याची खोली जेमतेम दोन इंच. डोळा नितळ दिसत असतो तेव्हा कान विरघळायला लागलेला असतो. नट वाक्य संपवताना जरासा पुढे झुकला की डोळाही गेला. तेच २५ मिमीची लेन्स लावून स्टॉप ५.६ केला, तर सव्वाचार फुटांपासून पार दहा फुटांपर्यंत सगळं धड दिसतं. याचे तक्ते छापील मिळतात, फोनवर ॲप मिळतात, परीक्षेत प्रश्नही येतो. पण शॉट चालू असताना तक्ता बघायला सवड कुणाला? फोकस पुलर, म्हणजे नट हलेल तसा फोकस जुळवत राहणारा साहाय्यक, लेन्सच्या बाजूला उभा राहतो, व्ह्यूफाइंडर त्याच्या डोळ्याला नसतो, आणि नट चालत येत असताना त्याच्या हाताला कळावं लागतं की आता नऊ फूट, आता साडेसात, आता सहा. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा असतात, फॉलो फोकसच्या, म्हणजे फोकस फिरवायच्या चाकाच्या, पांढऱ्या चकतीवर मार्करच्या रेघा असतात. पण नट माणूस असतो. तो खुणेच्या अलीकडे थांबतो. कधी पुढे जातो. ते अंतर डोळ्यानंच ओळखायचं.

म्हणून मेसमध्ये आमचा खेळ चाले. "त्या खांबापर्यंत किती?" "साडेअकरा." "हट्, तेराच्या वर आहे." मग टेप निघायची, आणि हरलेल्यानं चहा पाजायचा. आमच्यातला एक मुलगा, नांदेडचा, इतका तयार झाला की त्याच्याशी पैज लावणं आम्ही बंद केलं. माझी गत अशी झाली की सुट्टीत सोलापूरला गेले तरी आई समोर बसून बोलायला लागली की मनात आपोआप 'चार फूट' यायचं. "अशी काय टक लावून बघतेस गं?" असं तिनं विचारलंही. काय सांगणार? तू थोडी मागे सरकलीस, एवढंच बघत होते.

आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवातच मुळी अंदाजावर झाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हातानं फिरवायचा होता. त्या काळच्या कॅमेऱ्यांत साधारणपणे हँडलच्या एका फेरीत आठ फ्रेम सरकत, सेकंदाला दोन फेऱ्या घातल्या की सोळा. हात रेंगाळला की पडद्यावरची माणसं पळायला लागायची, हात घाईत असला की ती संथ व्हायची. म्हणजे कॅमेरामनच्या मनगटात घड्याळ हवं. मोठा चित्रपट काढण्याआधी भांडवलदारांना पटवायला फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं होतं. थोड्या थोड्या अंतरानं एकेक फ्रेम घेत. 'राजा हरिश्चंद्र'ला कॅमेरामन हवा तर आपले स्नेही त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी स्वतःच कॅमेरा शिकवला. तिकडे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी कॅमेराच घरी तयार केला. या मंडळींना अभ्यासक्रम, श्रेयांक, हजेरीपट असलं काही नव्हतं हे आमच्या हजेरीवर नाराज असलेल्या मास्तरांना मी एकदा ऐकवून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गैरहजेरी मांडली.

अंतरापेक्षा प्रकाशाचा अंदाज कठीण, कारण डोळा त्यात सरळ सरळ फसवतो. रात्री घरात दिव्याखाली साधारण १०० लक्स प्रकाश असतो. भर दुपारी उन्हात १,००,०००. हजारपट फरक. पण घरातून अंगणात आल्यावर आपण क्षणभर डोळे बारीक करतो आणि पुढच्या मिनिटाला सगळं पुन्हा 'नेहमीसारखं' दिसतं. बाहुली आकसते, मेंदू सांभाळून घेतो. कॅमेरा सांभाळून घेत नाही. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो, या हिशेबानं घर आणि अंगण यांच्यात दहा स्टॉपचं अंतर आहे. आपण ते रोज चपला घालता घालता पार करतो.

हे कळायला एकच उपाय आम्हाला सांगितला गेला: आधी बोला, मग मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, काढा. भर उन्हाचा नियम सोपा आहे, आयएसओ (फिल्मची किंवा सेन्सरची उजेड पकडायची ताकद) १०० तर शटर १/१०० सेकंद आणि स्टॉप १६. तिथून मागे मोजत यायचं. मोकळ्या आकाशाखालची सावली? तीन स्टॉप खाली असावी. झाडाखालची? आणखी एखादा. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरून चालताना आम्ही मोठमोठ्यानं आकडे म्हणत जायचो आणि लोक बघायचे. टपरीच्या आत ५.६. टपरीच्या पत्र्यावर १६, अर्धा जास्तच. चहावाल्याच्या चेहऱ्यावर ४, पण खालून स्टोव्हचा उजेड आहे म्हणून हनुवटीखाली थोडं वर. मग मीटर. सुरुवातीला दोन-दोन स्टॉपनी चुकायचं सगळ्यांचंच. पावसाळ्यात तर हमखास, कारण ढगाळ दिवस डोळ्याला वाटतो त्यापेक्षा फार उजेडाचा असतो, आणि संध्याकाळ वाटते त्यापेक्षा फार लवकर मावळते. संध्याकाळी साडेसहानंतर आकडे इतक्या भराभर घसरतात की शॉट लावेपर्यंत वाचलेला स्टॉप शिळा होतो.

याच रस्त्यावर प्रभातचा स्टुडिओ. कंपनी कोल्हापुरात १९२९ साली निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि १९६० साली त्याच जागेत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुण्यात कॅमेरा शिकणारा कुणीही, शाळा कुठलीही असो, त्या फाटकासमोरून जाताना जरा हळू चालतो.

आता खिडकीबद्दल. हा माझा आवडीचा विषय आहे, त्यामुळे लांबेल.

आम्हाला एक काम दिलं होतं: स्टुडिओत एक भिंत, तीत एक खिडकी, आणि दुपारी चारचा उजेड. बस. बाहेर सूर्य नाही, बाहेर स्टुडिओचं काळं अंधारं पोट आहे. मी आधी सगळे करतात तेच करायला निघाले होते, म्हणजे खिडकीबाहेर मोठा दिवा उभा करायचा आणि नारंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक पान, लावायचं. पण मास्तरांची अट होती की आधी खरी खिडकी बघून या आणि लिहून आणा. मी तेव्हा शनिवार पेठेत एका जुन्या वाड्यात भाड्यानं राहत होते. तिथल्या खिडकीसमोर वही घेऊन बसले.

खिडकीतून एक प्रकाश येत नाही, निदान तीन येतात. एक ऊन, कडक, पिवळं, धारदार कडांचं. ते जमिनीवर एक चौकोन पाडतं आणि तो चौकोन सरकत जातो. दुसरं आकाश. ते निळसर असतं, त्याला कडा नसतात, ते खिडकीजवळच्या सगळ्यावर सारखं पसरतं आणि खोलीत आत आत गेलं की झपाट्यानं विरतं. तिसरा प्रकाश सगळ्यात गमतीचा. उन्हाचा तो चौकोन शहाबादी फरशीवर पडतो, फरशी त्याला वर फेकते, आणि मग खालून वर जाणारा एक मळकट उजेड तुळयांवर जाऊन पोचतो. माझ्या खोलीत भर म्हणून समोरच्या कडुनिंबाचा हिरवा रंगही आत यायचा. आरशात बघताना आपला एक गाल किंचित हिरवा आहे हे मला तोवर कधीच दिसलं नव्हतं.

हे सगळं लिहून नेलं. स्टुडिओत फाइव्ह के, म्हणजे पाच किलोवॉटचा दिवा, खिडकीपासून चार फुटांवर लावला. दिव्यांचं काम बघणारे एक मामा होते. शाळेच्या यादीत त्यांचं पद काय होतं कोण जाणे, पण मला जेवढं त्यांनी शिकवलं तेवढं फार थोड्यांनी शिकवलं. ते बाजूला हाताची घडी घालून उभे.

"मॅडम, सूर्य खोलीत येत नाही. मागं घ्या."

"किती मागं, मामा?"

"भिंत लागेस्तोवर."

त्याचं कारण पुस्तकात होतं, मला पाठही होतं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात. दिवा चार फुटांवर असेल तर त्याच्यापासून आठ फुटांवर पोचलेला नट दोन स्टॉप काळवंडतो. खरा सूर्य इतका लांब आहे की खोलीच्या या टोकाला काय आणि त्या टोकाला काय, त्याला फरक पडत नाही. शिवाय जवळच्या दिव्यानं गजांच्या सावल्या पंख्यासारख्या फाकतात. उन्हात त्या एकमेकींना समांतर पडतात. दिवा चाळीस फूट मागे गेला आणि गज सरळ झाले. मग वरच्या बाजूला थर्माकोलची मोठी शीट बांधून तिच्यावर निळं जिलेटिन लावलेला दिवा मारला, ते झालं आकाश. आणि फरशीच्या जागी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी एक राखाडी चादर. मामांनी ती बघितली, काही न बोलता उचलली आणि तिला एक घडी घालून ठेवली. बरोबर होतं. खालून येणारा उजेड फार झाला होता.

नट अजून आला नव्हता. मी हाक मारायला निघाले तर मामा म्हणाले, "त्याला कशाला उठवता. मूठ धरा." चेहऱ्याच्या जागी आपली मूठ धरायची आणि बोटांच्या उंचवट्यांवर सावली कशी पडते ते बघायचं. नाकाची सावली, डोळ्याच्या खोबणीतला अंधार, सगळं मुठीवर दिसतं. आजही सेटवर मी हात पुढे करून उभी राहते तेव्हा नवख्यांना वाटतं मी कुणाला थांबवतेय.

थर्माकोलवर दिवा आपटून मऊ उजेड करणं आता इतकं रोजचं आहे की ते कुणीतरी पहिल्यांदा केलं असेल हे सुचत नाही. सत्यजित राय यांचे छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी १९५६ साली 'अपराजितो'साठी तेच केलं होतं. बनारसच्या एका घराचं अंगण, चहूबाजूंनी भिंती, वरून फक्त आकाश. पावसाच्या भीतीनं तो सेट उघड्यावर न बांधता स्टुडिओत बांधायचं ठरलं. सुब्रत मित्र यांचा त्याला विरोध होता, कारण तसल्या अंगणातला सावली नसलेला उजेड स्टुडिओच्या दिव्यांनी येणार नाही असं त्यांचं म्हणणं. मग सेटच्या वर पांढरं कापड ताणून त्यांनी आकाशाचा तुकडा केला आणि खालून त्याच्यावर दिवे मारले. हा माणूस कुठल्याही सिनेमाशाळेत गेलेला नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार बंगालमध्ये 'द रिव्हर'चं चित्रीकरण करत होते तेव्हा हा तरुण तिथे नुसता बघत उभा असायचा आणि दिवे कुठे ठेवलेत, नट कुठून कुठे जातो, याची चित्रं वहीत काढायचा. आमच्या शाळेत फी भरून मिळालेला अभ्यास आणि हा अभ्यास यांत मला फारसा फरक दिसत नाही. वही मात्र बहुतेक मुलं आणत नाहीत. फोनवर फोटो काढतात. फोटोत दिवा कुठे होता ते कळतं, तिथेच का होता ते तुम्ही स्वतः रेघ ओढल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

वर्गात आम्ही एकमेकांचे मॉडेल व्हायचो. माझा रंग सोलापूरच्या उन्हाचा, पार्टनर दिमापूरची, तिसरा कोट्टायमचा, चौथी पुण्याच्याच पेठेतली, दुधाळ गोरी. चौघांना एका बाकावर बसवून एकच शॉट घ्यायचा. इथे मीटरचा एक स्वभाव कळतो. स्पॉट मीटर ज्याच्यावर रोखला ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. सावळ्या गालावर रोखला आणि तो म्हणेल ते मुकाट्यानं ऐकलं, तर सावळेपण धुऊन निघतं. गोऱ्या गालावर रोखला तर ती बिचारी आजारी दिसते. कोडॅकच्या प्रयोगशाळांमध्ये छपाईचे रंग जुळवायला पूर्वी ज्या संदर्भ-छायाचित्रांचा वापर होत असे, त्यांत गोरी स्त्री असायची. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. बाकी जगाचे चेहरे त्या मापात बसवले जायचे. आम्ही शिकलो ते असं की काळ्यासावळ्या त्वचेवर जास्त उजेड ओतायचा नसतो, मोठा आणि मऊ उजेड बाजूनं द्यायचा असतो, म्हणजे गालाच्या उंचवट्यावर त्याचं प्रतिबिंब पडतं आणि चेहऱ्याला आकार येतो. तोंडाला जरा तेल असेल तर उत्तम. आमच्याकडच्या मालिकांत मात्र अजून उलटंच चालतं. मध्यरात्री वीज गेली तरी सुनेचा चेहरा दिवाळीच्या दुकानासारखा उजळलेला. तिथे काम करणाऱ्या कॅमेरामनना दोष द्यायचा नाही, दिवसाला जेवढी मिनिटं काढून द्यावी लागतात त्यात सावलीला वेळ नसतो.

हाताची कामं वेगळी. ट्रॉलीचे रूळ पातळीत आणायला खाली लाकडी पाचरी ठोकायच्या, त्यासाठी पोटावर झोपून रुळाच्या रेषेत बघायचं. जिलेटिन लावायला लाकडी चिमटेच घ्यायचे, प्लॅस्टिकचे दिव्यापुढच्या पत्र्याच्या दारांवर वितळतात. ट्यूबलाइट फ्रेममध्ये असेल तर शटर १/५० ठेवायचं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. अमेरिकेतले व्हिडिओ बघून तिथल्या विजेच्या हिशेबाचं शटर लावणाऱ्याच्या चित्रात पट्टे सरकायला लागतात. खांद्यावर कॅमेरा घेऊन उभं राहताना गुडघे किंचित वाकवायचे आणि श्वास पोटातून घ्यायचा. "तुला झेपेल का?" हा प्रश्न मला बराच काळ विचारला गेला. बी. आर. विजयलक्ष्मींनी १९८५ साली तमिळ चित्रपटाचं छायाचित्रण स्वतंत्रपणे केलं होतं, हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण शेवटी कॅमेरा उचलून दाखवणंच कमी वेळाचं पडतं.

राहिला मॉनिटर. फिल्मच्या काळात १६ मिमीचा चारशे फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपे, ३५ मिमीचा चारशे फुटांचा तर साडेचार मिनिटांतच. जे टिपलं ते प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत दिसायचं नाही. त्यामुळे कॅमेरामन म्हणेल तेच खरं, असा एक दरारा होता. आता सेटवरच्या प्रत्येकासमोर पडदा आहे आणि प्रत्येकाला मत आहे. मला जुन्या काळाचा उमाळा नाही. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, बघून आकाश पांढरंफटक होऊन फाटतंय का ते कळतं, ही मोठी सोय आहे. फोकस पुलरही आता स्वतःच्या छोट्या मॉनिटरवर बघून काम करतो आणि छान करतो. माझी तक्रार एवढीच की पडद्यावर बघून दिवा लावणारा माणूस खोलीकडे बघायचं सोडतो. तो उत्तर तपासत राहतो, दिवा इकडे, दिवा तिकडे, हं, आता बरं दिसतंय. असा तास जातो. मास्तरांनी एकदा मॉनिटरवर काळा कपडा टाकला आणि म्हणाले, लावा दिवे, वाचा स्टॉप, घ्या शॉट. सगळे घाबरले. आणि त्या दिवशी काम नेहमीपेक्षा लवकर आटोपलं, कारण कुणाला 'अजून एकदा बघू' म्हणता येत नव्हतं. चित्र कसं आलं? काही फार सुंदर नव्हतं. पण ते आम्ही आधी मनात पाहिलेलं होतं.

सध्या मी असिस्टंट म्हणून एका मराठी चित्रपटावर आहे आणि माझा सगळा अंदाज एका ठिकाणी अडकला आहे. कोकणातलं गाव, अमावस्येची रात्र, विहिरीकडे जाणारी बाई. पौर्णिमेचा उजेडसुद्धा लक्सच्या पावहिश्श्याएवढा, भर उन्हाच्या तुलनेत लाखो पटीनं कमी. चांदणं निळं असतं असं आपल्याला वाटतं, पण ते परतून आलेलं ऊनच असतं आणि उन्हापेक्षा जरा तांबूसच. अंधारात डोळ्याची रंग ओळखायची ताकद जाते आणि निळेपणा आपला आपण भरतो. पडद्यावरची रात्र म्हणूनच निळी करतात. पण अमावस्येला तेही कारण उरत नाही. नक्कल करायला समोर खरा प्रकाशच नाही, मीटरनं वाचायचं काय? छायाचित्रणकार म्हणतात लांब डोंगरावरून एक मोठा मऊ दिवा, रंग न लावता. मला वाटतं बाईच्या हातातल्या कंदिलावरच सगळं सोडावं आणि विहिरीच्या काठाला पाणी मारून ओलं करावं, म्हणजे दगडांच्या कडा तेवढ्या चमकतील. दिग्दर्शकाला काळोख हवा आहे आणि बाईचा चेहराही हवा आहे. वाद मिटेपर्यंत मी दोन कंदील आणि पाण्याचा टँकर मागवला होता. निर्मात्यांनी कंदील एक मंजूर केला आहे, टँकरचं विचारतो म्हणाले.